सण, संप आणि शेवटचा पाडा

आपल्या राज्यात सण आणि संप यांची सोयरीक जुळली आहे. २०१७ साली ऐन दिवाळीत चार दिवस एस.टी. बंद पडली. २०२१ साली दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा बंद पडली, आणि त्या खेपेस नाताळ, होळी व ईस्टर असे एकामागून एक सण उलटून गेले तरी पूर्ववत झाली नाही. २०२४ साली गणेश चतुर्थी चार दिवसांवर आली असताना पुन्हा तेच घडले. दर वेळी वर्तमानपत्रांत तीच छायाचित्रे येतात: कुलूपबंद आगार, ओळीने उभ्या असलेल्या लाल गाड्या, फलाटावर गाठोड्यावर बसलेली म्हातारी. दर वेळी सरकारचे तेच निवेदन आणि संघटनांचे तेच प्रतिनिवेदन. या दोहोंच्या मधोमध 'प्रवाशांचे हाल' असा एक मथळा असतो. तो मथळा आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्यामागे हाडामांसाची माणसे आहेत याचे भान वाचणाऱ्याला राहिलेले नाही.

म्हणून आरंभीच माझे म्हणणे स्पष्ट करतो. कामगाराचा संपाचा हक्क मला मान्य आहे. सरकारला तिजोरीचा विचार करावा लागतो हेही मान्य आहे. परंतु या दोघांच्या भांडणात डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचा मनुष्य ओलीस धरला जावा, हे मान्य करता येत नाही. आणि ज्यांच्या दारात दुचाकी किंवा मोटार उभी आहे अशा आपल्यासारख्यांनी ते मुकाट्याने पाहत राहावे, हे तर मुळीच नाही.

डहाणू-तलासरीच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नकाशात आहे. पश्चिम रेल्वेचा मार्ग समुद्राच्या बाजूने वाणगाव, डहाणू रोड, घोलवड असा उत्तरेकडे जातो. १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि मुंबईकरांना वाटले, झाले, डहाणू आता मुंबईचे उपनगर झाले! परंतु तलासरी गावाला रेल्वे स्थानक नाही. डहाणू तालुक्याचा पूर्वभाग, म्हणजे कासा, सायवन, धुंदलवाडी, गंजाड हा सारा डोंगरपट्टा, रेल्वेपासून दूर आहे. तलासरी तालुक्यातील उधवा, झरी, कोचाई ही गावे तर त्याहून आड बाजूला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीवरून जातो खरा. पण तो महामार्ग आहे मोटारींसाठी आणि मालमोटारींसाठी. ज्याच्यापाशी वाहन नाही त्याला महामार्ग हा केवळ ओलांडायचा रस्ता असतो, तोही जीव मुठीत धरून.

रेल्वेच्या स्थानकापासून पाड्यापर्यंतचे हे जे वीस-तीस किलोमीटर आहेत, ते एस.टी.चे राज्य. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या संस्थेने एकच वचन महाराष्ट्राला दिले: रस्ता तिथे एस.टी. हे वचन तिने पुष्कळ अंशी पाळले. संध्याकाळी पाड्याजवळच्या गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी वस्तीची गाडी हे आपल्या ग्रामीण जीवनातले घड्याळच होते. त्या गाडीने शाळेची मुले गेली, बाळंतीण दवाखान्यात गेली, भाजीच्या पाट्या बाजारात गेल्या, आणि सणाला दूरदेशीचा मुलगा घरी आला. 'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' हे वाक्य लोक थट्टेने म्हणत. परंतु त्या थट्टेत विश्वास होता. वाट पाहिली तर गाडी येईल, असा.

२०२१-२२ च्या संपात तो विश्वास मोडला. ऑक्टोबरच्या अखेरीस संप सुरू झाला. महागाई भत्त्याचा प्रश्न पहिल्या दोन दिवसांतच सुटला, परंतु महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे या मागणीवर आगारागारांतून कर्मचारी ठाम राहिले, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील अडीचशे आगारे जवळजवळ सारीच बंद झाली. ४ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन गेले. नाताळ गेला. मधल्या काळात काही कर्मचारी कामावर परतू लागले व काही गाड्या धावू लागल्या. परंतु गाड्या थोड्या असल्या की शेवटच्या पाड्याचा क्रमांक शेवटीच लागतो, हे सांगायला पंडित नको. १७ मार्चची होळी गेली. ७ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याचा आदेश दिला. त्या दोन तारखांच्या मधे, १७ एप्रिलला, ईस्टर येऊन गेला. सुमारे साडेपाच महिने! इतका काळ एखादा उद्योग बंद राहिला असता तर मालकाचे दिवाळे निघाले असते. एखाद्या शहराचे पाणी इतके दिवस बंद राहिले असते तर सरकार पडले असते. पाड्याची गाडी साडेपाच महिने अडखळली आणि कोणाचेही काही बिघडले नाही, फक्त पाड्याचे बिघडले.

होळीचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या वसईकडील वाचकांना नाताळ व ईस्टर यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. परंतु डहाणू-तलासरीत घरी परतण्याचा सर्वांत मोठा सण होळी हाच होय. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे सुमारे नऊ आदिवासी आहेत. भाताची झोडणी उरकली की यांतील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या बंदरांवर, इमारतींच्या बांधकामांवर भिवंडी, वसई, ठाणे, मुंबईकडे जातात. भट्टीवर त्यांनी आधी उचल घेतलेली असते. आठवड्याला मिळते ती खर्ची. उरलेला हिशेब हंगामाच्या शेवटी. त्या साऱ्या महिन्यांत होळीचे चार दिवस तेवढे त्यांचे स्वतःचे असतात. त्या चार दिवसांत घर शाकारले जाते, सोयरिकी जुळतात, म्हाताऱ्या आईबापांची विचारपूस होते, गावदेवाचा मान दिला जातो. त्यांच्यातील जे ख्रिस्ती झाले तेही होळीला गावी येतात, आणि नाताळला मिशनच्या देवळात. दोन्ही वेळेला वाट एकच.

आता अशा एखाद्या कुटुंबाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. वसईच्या बाजूच्या भट्टीवरून उधव्याला निघालेले नवराबायको, दोन मुले, एक भांड्यांचे बोचके. विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल. त्या हिवाळ्यात करोनाच्या नियमांमुळे लसीच्या दोन्ही मात्रा पूर्ण झालेल्यांनाच लोकलची मुभा होती, म्हणजे पहिला अडसर तेथेच. ज्यांना लोकल मिळाली ते डहाणूला उतरले. पुढे तलासरी, आणि तलासरीहून पुन्हा उधवा. आगाराला कुलूप. बाहेर जीप, इको आणि तीनचाकी रिक्षा उभ्या. भाडे? माणूस पाहून आणि गर्दी पाहून ठरेल ते. पुढे अंधार पडला तर भाडे आणखी वाढेल, आणि शेवटच्या पाड्यापर्यंत तर गाडीवाला येणारच नाही. फाट्यावर उतरवून देईल. चार माणसांच्या त्या जाण्यायेण्यात भट्टीवरची एका आठवड्याची खर्ची उडाली, तर त्या कुटुंबाने काय करावे? एक तर सणाला जाऊ नये. किंवा पुढच्या हंगामाच्या उचलीत भर घालावी. आपण ज्याला 'प्रवाशांचे हाल' म्हणतो, त्याचा पाड्यावरचा अर्थ कर्ज असा आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचना निघाली, आणि संपकाळात खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस एवढेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली. ज्या शासनाच्या पोलिसांनी एरवी टेम्पोतून माणसे नेल्याबद्दल दंड करावा, त्याच शासनाने माणसाला माल ठरवून मोकळे व्हावे, ही आपल्या लोककल्याणकारी राज्याची थोरवी! खासगी बसगाड्यांनी एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये, असा नियम २०१८ पासून आहे. नियम चांगला आहे. परंतु दोन शहरांमधील आरामगाडीसाठी केलेला हा नियम तलासरीच्या नाक्यावरील जीपला कोण लावणार? आणि जिथे एस.टी.च उभी नाही तिथे दीडपट कशाची मोजायची? मोजपट्टी घरात कुलूपबंद ठेवून दुकानदाराला वजन नीट करावयास सांगण्यासारखेच हे झाले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे तुम्ही संपवाल्यांच्या विरुद्ध आहात.' तसे नाही. चालक आणि वाहक यांची बाजू मी पुरती जाणतो. त्या वेळी नव्याने लागलेल्या चालकाचे मूळ वेतन बारा हजारांच्या आसपास होते. करोनाच्या काळात तेही महिनोन्महिने वेळेवर मिळाले नाही. अनेक कर्मचाऱ्यांनी या विवंचनेत स्वतःचा जीव दिला. पन्नास माणसांचे प्राण हाती घेऊन घाट उतरणाऱ्या मनुष्याला स्वतःच्या मुलाच्या शाळेचे शुल्क भरता येऊ नये, ही समाजाच्या लाजेची गोष्ट आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने वेतनवाढ जाहीर केली: नोकरीची पहिली दहा वर्षे पूर्ण न झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षांच्या सेवेला चार हजार, आणि त्यापुढील सेवेला अडीच हजार रुपये, शिवाय दर महिन्याच्या दहा तारखेपूर्वी वेतन देण्याची हमी. या हमीचे पुढे काय झाले? एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हाती मार्चच्या वेतनापैकी ५६ टक्केच रक्कम पडली. दिलेला शब्द असा पाळला जात असेल तर उद्या पुन्हा आगाराला कुलूप लागले म्हणून आश्चर्य कोणी करावे?

आणि सणाच्या तोंडावर संप करण्याची विद्या कामगारांना शिकवली कोणी? ती सरकारनेच शिकवली. वैशाखात निवेदन द्या, केराच्या टोपलीत जाते. आषाढात शिष्टमंडळ न्या, भेट मिळत नाही. ३ सप्टेंबर २०२४ रोजी गणेशोत्सवाच्या उंबरठ्यावर गाड्या थांबल्या, आणि दुसऱ्याच दिवशी बैठक झाली, मूळ वेतनात साडेसहा हजारांच्या वाढीचा तोडगा निघाला, संप मिटला. जे काम वर्षानुवर्षे होत नव्हते ते चोवीस तासांत झाले! या घटनेचा बोध कामगाराने काय घ्यावा? प्रवासी अडला की दार उघडते, हाच. प्रवासी ही सरकारच्या दाराची कडी झाली आहे. ज्याला आत जायचे असेल त्याने ती वाजवावी.

इथेच या प्रश्नाचे मर्म आहे, आणि ते समजून घ्यायला दूर जायला नको. तलासरीचाच इतिहास पुरेसा आहे. १९४५ साली याच मातीत, तेव्हाच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत, वारल्यांनी संप केला. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या पक्षाशी आपले मतभेद असोत. परंतु वेठबिगारीत पिचलेल्या त्या माणसांची मागणी कोणत्याही ख्रिस्ती अंतःकरणाला पटावी अशी होती. पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत, नाही तर कोयता उचलणार नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले. तरीही संप मोडला नाही. त्या संपात गवत उभेच राहिले, आणि नुकसान झाले ते गवताचा व्यापार करणाऱ्या जमीनदाराचे व सावकाराचे. म्हणजे ज्याच्याशी भांडण होते त्यालाच घाव बसला, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी त्याला दर मान्य करावा लागला. संप हे न्यायाचे शस्त्र ठरते ते याच कारणाने.

एस.टी.च्या संपात घाव कोणाला बसतो? मंत्र्याला सरकारी मोटार आहे. महामंडळाच्या अधिकाऱ्याला जीप आहे. आधीच तोट्यात चालणारी पाड्याची फेरी थांबली की डिझेलचा खर्च वाचतो, आणि कागदावर तोटा थोडा हलकाच दिसतो. कारखान्याचा संप मालकाच्या खिशाला लागतो, एस.टी.चा संप प्रवाशाच्या पायांना लागतो. साडेपाच महिने तो लांबला याचे खरे कारण हेच होते, की ज्यांना तो मिटवता आला असता त्यांना तो दुखत नव्हता, आणि ज्यांना दुखत होता त्यांना कोणी चर्चेला बोलावले नव्हते. न्यायालयात सरकारचे वकील होते, संघटनांचे वकील होते. उधव्याच्या त्या कुटुंबाचा वकील कोण होता?

या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. दोन्ही तपासून पाहू.

पहिले उत्तर: संपावर बंदी घाला, मेस्मा लावा, कामावरून काढा. हे उत्तर ऐकायला मर्दानी वाटते. २०१७ चा संप न्यायालयाने बेकायदा ठरवला. म्हणून २०२१ चा टळला काय? न्यूयॉर्क राज्यात टेलर कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपावर बंदी आहे. तरीही २० डिसेंबर २००५ रोजी, नाताळ पाच दिवसांवर आला असताना, तेथील भुयारी रेल्वे व बस तीन दिवस बंद पडल्या. संघटनेला पंचवीस लाख डॉलरचा दंड झाला, तिच्या अध्यक्षाला तुरुंगवास झाला. परंतु त्या तीन दिवसांत कडाक्याच्या थंडीत पूल ओलांडून पायी चालणारे चाललेच. बंदी संपाला शिक्षा करते, गाडी चालवीत नाही. शिवाय ज्याचे गाऱ्हाणे ऐकण्याचे एकही दार उघडे ठेवलेले नाही त्याचे तोंड बांधणे, याला सुव्यवस्था म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर: एस.टी. काढून टाका, खासगी गाड्या येतील, संपाची कटकटच नको. हे म्हणणारे बहुधा मुंबई-पुणे रस्त्यावरचे प्रवासी असतात. ज्या मार्गावर चाळीस आसने भरतात तिथे खासगी गाडी येईल. सायवनच्या वस्तीच्या गाडीत सहा शाळकरी मुली आणि एक म्हातारा असतो. मुलींचा पास मोफत, आणि म्हाताऱ्याचे वय पंच्याहत्तरच्या पुढे असेल तर ऑगस्ट २०२२ पासून त्याचाही प्रवास मोफत. कोणता व्यापारी तिथे गाडी घालील? आणि खासगी चालकाला पोट नसते काय? मुंबईत बेस्टने भाडेतत्त्वावर घेतलेल्या खासगी गाड्यांच्या चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये वेतनासाठी काम बंद केलेच. मालक बदलला म्हणून भूक बदलत नाही.

मग करावे काय? ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण येथे आपल्याला अगदी नेमकी वाट दाखवते, आणि ती पुरेशा प्रवचनांतून सांगितली जात नाही म्हणून येथे सांगतो. तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या विश्वपत्रापासून कामगाराला न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क ख्रिस्तसभेने मान्य केला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या विश्वपत्रात संपाविषयी स्वतंत्रपणे विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: योग्य परिस्थितीत आणि न्याय्य मर्यादेत संप हे कामगारांचे वैध साधन आहे आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा होता कामा नये; तथापि ते शेवटचे साधन आहे, आणि समाजजीवनाला अत्यावश्यक असलेल्या सेवा कोणत्याही परिस्थितीत चालू राहिल्या पाहिजेत, त्यासाठी प्रसंगी कायदाही करावा. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत. आपल्यातील काही जण पहिले अर्धे वाक्य घेऊन संघटनांच्या व्यासपीठावर जातात आणि काही जण दुसरे अर्धे घेऊन सरकारच्या. संपूर्ण वाक्य घेऊन प्रवाशाच्या फलाटावर जाणारा मात्र विरळाच.

असा कायदा स्वप्नातला नाही. इटलीत तो १९९० पासून आहे. तेथे संप होतात, पुष्कळ होतात. परंतु संपाची सूचना आधी द्यावी लागते, शहरी वाहतुकीत सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या तासांत गाड्या चालवाव्याच लागतात, आणि नाताळ, ईस्टर व सुट्ट्यांच्या ठरावीक दिवसांत वाहतुकीचा संप करता येत नाही. या साऱ्यावर देखरेख ठेवायला सरकार आणि संघटना या दोहोंपासून स्वतंत्र असा आयोग आहे. आपल्याकडे याचे रूप असे असावे: संपकाळातही प्रत्येक शेवटच्या गावाला सकाळी एक व संध्याकाळी एक फेरी चालेल, आणि दिवाळी, नाताळ, होळी, ईद, गणपती अशा ज्या सणाला ज्या भागातील माणूस घरी येतो, त्या आठवड्यात त्या भागातील गाड्या पूर्ण चालतील. डहाणू-तलासरीसाठी त्या यादीत होळी सर्वांत वर असावी.

परंतु कामगाराच्या हातातून सणाचा दिवस काढून घ्यायचा असेल तर त्याच्या मोबदल्यात त्याला काही तरी दिलेच पाहिजे, अन्यथा तो कायदा म्हणजे मेस्माचाच धाकटा भाऊ होईल. म्हणून त्याच कायद्यात दुसरी अट हवी: वेतन ठरलेल्या तारखेला मिळाले नाही तर ते व्याजासह द्यावे लागेल, आणि वेतनाची मागणी पुढे आल्यापासून ठरावीक दिवसांत लवादाने निर्णय द्यावा व तो सरकारवरही बंधनकारक असावा. समितीवर समिती नेमून महिने काढायची सोय राहता कामा नये.

तिसरी गोष्ट अनेकांना विचित्र वाटेल. जपानमधील ओकायामा शहरात २०१८ साली बसचालकांनी संप केला तो गाड्या चालू ठेवून. त्यांनी भाड्याच्या यंत्रावर फडके झाकले आणि प्रवाशांना फुकट नेले. प्रवासी घरी पोहोचला, फटका मालकाला बसला. आपल्याकडे एखाद्या वाहकाने आज तसे केले तर त्याच्यावर अपहाराचा ठपका येईल. तो येऊ नये, असे संरक्षण कायद्याने द्यावे. 'गाडी चालवू, तिकीट फाडणार नाही' असा संप ज्या दिवशी होईल, त्या दिवशी पाड्यावरचा माणूस चालकाच्या गळ्यात हार घालील, आणि मंत्रालयातील दिवे त्याच रात्री लागतील. १९४५ च्या वारल्यांनी जे साधले तेच हे: घाव योग्य जागी.

आता शेवटी आपल्याविषयी. २०२१ च्या नाताळात आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांना एस.टी. बंद आहे हे जाणवलेही नसेल. आपल्याला लोकल होती, रिक्षा होती, भाऊबंदांची मोटार होती. संपाचा विषय निघाला तर कोणी 'या लोकांना माज आला आहे' असे म्हणाले, कोणी 'सरकारच नालायक' असे म्हणाले, आणि केकचे ताट पुढे सरकले. तळागाळातील माणसाविषयी आपण प्रार्थना करतो. परंतु तो त्या रात्री तलासरीच्या नाक्यावर उभा आहे का, हे पाहायला आपल्यातील किती मोटारी महामार्गावरून वळल्या? दयेचा मुद्दा मी येथे मांडत नाही. एका रात्रीच्या मोटारफेरीने हा प्रश्न सुटणार नाही, आणि पाड्यावरच्या माणसाला आपल्या मोटारीतली जागा नको आहे; त्याला स्वतःच्या पैशाने काढलेल्या तिकिटाची जागा हवी आहे. प्रश्न आपल्या आवाजाचा आहे. आपल्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, संघटनांचे पदाधिकारी आहेत, एस.टी.त नोकरी करणारेही आहेत. निवडणुकीच्या वेळी देवळाच्या आवारात उमेदवार हात जोडून येतात तेव्हा आपण त्यांना स्मशानभूमी, पाणी आणि रस्ते यांविषयी विचारतो. त्याच वेळी हेही विचारावे: संपकाळात शेवटच्या पाड्याची फेरी चालू ठेवणारा आणि चालकाचे वेतन तारखेला देणारा असा एकच कायदा तुम्ही मांडाल काय? यातील एक अर्धा मान्य करून दुसरा टाळणाऱ्याला मत देऊ नये.

गाडी बंद पडण्याची बातमी दर वेळी पहिल्या पानावर येते. शेवटच्या पाड्याला गाडी पुन्हा कधी सुरू झाली, ही बातमी कोणीच छापत नाही, कारण ती कोणाला ठाऊकच नसते. पुढच्या होळीला, पुढच्या नाताळाला ती गाडी उधव्यापर्यंत जाते का, एवढे तरी आपण विचारायला लागलो, तर ओलिसाच्या बाजूने बोलणारे कोणी तरी आहे, हे दोन्ही पक्षांना कळेल. आज ते त्यांना ठाऊक नाही. म्हणूनच सण जवळ आला की त्यांची नजर त्याच्याकडे वळते.